मोडेम कार्ड आणि साडूचा रविवार

रविवार, १ फेब्रुवारी. संध्याकाळी साडेसात.

ही आत्ता धाकटीकडून परत आली. धाकटी म्हणजे हिची बहीण, आणि धाकटीचा नवरा म्हणजे माझा साडू. दर रविवारी हेच चाललंय. आमची लेक सहा महिन्यांपूर्वी शिकायला लांब गेली, आणि रविवारी चार वाजता ती साडूच्या लॅपटॉपवर येते. तिकडून ती बोलते, इकडे स्पीकरमधून आवाज येतो. ही जाते. मी जात नाही. रविवारी दुपारी माझं डोकं दुखतं.

काय म्हणाली, विचारलं. बरी आहे म्हणाली, तासभर बोललो, फार हसली. कशावर हसली, विचारलं. असंच, म्हणाली आणि आत गेली.

तासभर. मला गुरुवारी फोनवर दोन मिनिटं मिळतात. त्यातलं एक आवाज येतोय का, येतोय का, यात जातं.

साडूला वायरसुद्धा लागत नाही. कोपऱ्यात एक डबी लुकलुकते आणि सोफ्यावर लोळत इंटरनेट येतं. लेक माझी, आणि ती बसते कुठे, तर साडूच्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये.

निर्णय: आपल्या घरी आपलं इंटरनेट. कारखान्याने जुने लॅपटॉप काढले तेव्हा त्यातला एक मला मिळालाय. वजनदार आहे, म्हणजे आत माल आहे. फक्त मोडेम नाही. कडेला कार्डासाठी फट आहे. फटीत मोडेम कार्ड, कार्डात टेलिफोनची वायर, झालं. पुढच्या रविवारी लेक आपल्या टेबलावर.

कोणी म्हणेल, मला हेवा वाटतो. इथे हेव्याचा काय संबंध. प्रश्न कार्डाचा आहे.

सोमवार, २ फेब्रुवारी.

लॅपटॉप पिशवीतून कारखान्यात नेला. स्टोअर्समध्ये सव्वीस वर्षं काढली आहेत. बेअरिंग हातात घेतलं की नंबर सांगतो. कोणत्या मशीनला कोणता पार्ट बसतो हे मला विचारल्याशिवाय या कारखान्यात एक नट फिरत नाही. साडू विम्याच्या कंपनीत आहे. त्याला कागदाशिवाय काय बसवता येतं?

जेवणाच्या सुट्टीत व्हर्नियर लावून फट मोजली. रुंदी चौपन्न मिलिमीटर, जाडी पाच. चिठ्ठीवर लिहून घेतलं. इलेक्ट्रिशियन काउंटरच्या जाळीतून बघत होता. म्हणाला, कॉम्प्युटरचं माप असं घेत नाहीत, मॉडेल नंबर बघतात. त्याला म्हटलं, माप हे माप असतं. त्याने फ्यूजची मागणी केली होती, ती उद्यावर टाकली.

बुधवार, ४ फेब्रुवारी.

कॉम्प्युटरच्या मोठ्या दुकानात गेलो. काउंटरवर एक चष्मेवाला होता, चष्मा कपाळावर. मोडेम कार्ड आहे का, विचारलं. लॅपटॉप किती जुना, म्हणाला. वयाशी काय करायचंय, म्हटलं, माप घ्या. तो माझ्या चिठ्ठीकडे बराच वेळ बघत राहिला. माप बघून चकित झाला असावा.

मग म्हणाला, सगळ्या कार्डांचं माप हेच असतं, पण जुन्याला सोळा बिटचं लागतं आणि माझ्याकडे आहे ते बत्तीस बिटचं. मी एका क्षणात हिशोब केला. बत्तीस म्हणजे सोळाच्या दुप्पट. जो बत्तीस देतोय त्याच्याकडे सोळा कोण मागेल? तो काहीतरी म्हणत होता, पण मी बिल करायला सांगितलं.

साडूचं किती बिटचं आहे हे कळायला हवं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी.

लेकीचा फोन. अभ्यास चालू आहे. जेवण बरं आहे. थंडी आहे. घरी एक तांत्रिक काम काढलंय, एवढंच सांगितलं, बाकी ताकास तूर लागू दिली नाही. तिला एकदम खोकला आला. बराच वेळ खोकत होती. औषध घे म्हटलं, गरम पाणी पी म्हटलं. हो बाबा म्हणाली आणि ठेवला.

तिच्या तब्येतीकडे कोणाचं लक्ष आहे का? तासभर बोलणाऱ्यांना खोकला ऐकू येत नाही वाटतं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी. रात्री जेवणाआधी.

कार्ड अर्ध्यात अडतंय. व्हर्नियर लावला. कार्ड चौपन्न, फट चौपन्न. तरी आत जात नाही. कार्डाच्या डोक्यावर एक सोनेरी पट्टी आहे आणि कडेला एक बारीक उंचवटा आहे, तो आड येतो. उत्पादनातला दोष. कारखान्यात आम्ही असा माल परत पाठवतो.

उंचवटा फार तर अर्धा मिलिमीटर. कानस काढली. तेवढ्यात ही आली, कानस हातातून घेतली आणि कुलपाच्या खणात टाकली. मग फोनवर धाकटीशी हळू आवाजात बराच वेळ बोलली. बहिणी बहिणींचं काहीतरी असेल.

शनिवार, ७ फेब्रुवारी.

कार्ड परत करायला गेलो. चष्मेवाल्याने लगेच घेतलं. पाकीट पुन्हा चिकटवायची तयारी त्याने करून ठेवली होती.

रविवार, ८ फेब्रुवारी. पावणेपाच.

ही गेली. घरात मी आणि लॅपटॉप. निघताना म्हणाली, चला ना, तेवढाच तुमचाही आवाज ऐकेल ती. साडूसुद्धा भेटला की म्हणतो, दादा, रविवारी येत जा की. कसा म्हणतो बघा. येत जा. स्वतःच्या मुलीला भेटायला मी त्याच्या दारात येत जायचं, आणि त्याने मला खुर्ची द्यायची.

सव्वाचारला त्यांच्या घरी फोन लावला. ही नीट पोचली का, एवढंच विचारायचं होतं. चार गल्ल्या आहेत, पण रस्त्याचं काही सांगता येत नाही. धाकटीने उचलला. मागे लेक हसत होती. स्पीकरमधून, मोठ्याने, दम लागेपर्यंत. तिचं असं हसणं मी ती आठवीत होती तेव्हा शेवटचं ऐकलं असेल. मध्ये साडूचा आवाज, मग पुन्हा हसणं. मी फोन ठेवला.

जळलो. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. त्या माणसात हसण्यासारखं आहे काय? त्याला एक विनोद धड सांगता येत नाही. शेवट आधी सांगतो.

सोळा बिट. आता माघार नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी.

अर्धी रजा टाकून जुन्या सामानाच्या बाजारात गेलो. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंनी की-बोर्डचे ढीग. शेवटच्या गाळ्यात एक जाडा माणूस. त्याच्याकडे लाकडी खणात नुसती कार्डं, आमच्याकडे वॉशर असतात तशी. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

सोळा बिटचं म्हटल्यावर त्याने मान डोलावली. जाणकार माणूस. मग विचारलं, मोडेम देऊ की नेटवर्क? मला जायचंय कुठे? नेटवर्कवर. इंटरनेट म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं नेटवर्क, हे मी पेपरात वाचलंय. मग मधल्या मोडेमच्या भानगडीत कशाला पडा? नेटवर्कच द्या, म्हटलं. त्याने दिलं.

संध्याकाळी: कार्ड आत गेलं. पूर्ण. टक् असा आवाज आला. सव्वीस वर्षांचा अनुभव आहे, बसलेल्या पार्टचा आवाज मला कळतो. कार्डाला छोटी शेपटी आहे आणि शेपटीच्या टोकाला वायरीचं भोक. टेलिफोनमधली वायर काढून त्यात घातली. भोक थोडं ऐसपैस आहे, पिन हलते. पुढे जाड वायरी येतील म्हणून कंपनीने जागा ठेवलेली दिसते. कागदाची घडी करून पाचर मारली.

इंटरनेट अजून आलेलं नाही. नवीन ठिकाणी यायला वेळ लागत असेल. वायर तशीच ठेवली.

गुरुवार, १२ फेब्रुवारी.

लेकीचा फोन आला नाही. आठ वाजले, साडेआठ झाले. मी हिला म्हटलं, बघ, रविवारी एकदा तासभर बोललं की गुरुवारी बापाची गरज राहत नाही. साडूने मुलगी तोडली. बरंच बोललो. माझा आवाज चढला असेल.

पावणेनऊला शेजारच्या वकिलीणबाई आल्या. लेकीने त्यांच्याकडे फोन केला होता, आमचा कधीपासून लागत नाही म्हणून. हिने टेलिफोन उचलून कानाला लावला, मग त्याची मागची मोकळी बाजू मला दाखवली.

वायर परत टेलिफोनला लावली. नऊ वाजेपर्यंत वाट पाहिली. लेकीने पुन्हा केला नाही. तिचाही नाइलाज असेल.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी.

प्रगती. पडद्यावर प्रथमच सूचना आली: ड्रायव्हर सापडत नाही. म्हणजे लॅपटॉपने कार्ड ओळखलं, त्याच्याबद्दल तो आता काळजी करतोय. काम नव्वद टक्के झालं म्हणायचं.

हिने विचारलं, आता काय अडलंय. ड्रायव्हर मिळत नाही, म्हटलं, ड्रायव्हरशिवाय पुढे जाता येत नाही. एवढं तांत्रिक तिला कळणार नाही, म्हणून खोलात गेलो नाही. ती म्हणाली, मग सरळ सांगायचं ना. सांगितलं तर खरं.

रविवार, १५ फेब्रुवारी. दुपारी बारा.

सकाळी नऊ वाजता दारात साडूची गाडी. त्यातून साडूचा ड्रायव्हर उतरला. पन्नाशी उलटलेला, पिकल्या मिशांचा, इस्त्रीचा शर्ट. म्हणाला, साहेबांनी पाठवलंय. तुम्हाला ड्रायव्हर मिळत नाही म्हणून निरोप आला, कुठे जायचंय?

हिने धाकटीला सांगितलं, धाकटीने साडूला. हिच्याकडे पाहिलं तर ती खिडकीतून बाहेर बघत होती. वकिलीणबाई गॅलरीत आल्या होत्या. आता काय बोलावं? आलाच आहेस तर पाणी घे, म्हटलं.

पाणी पिता पिता त्याने टेबलाकडे पाहिलं. हात लावू का साहेब, म्हणाला. ड्रायव्हर होण्याआधी तो टेलिफोनच्या खात्यात वायरमन होता म्हणे, खांबावर चढायचा. पाचर काढली, पिन काढली, भोकात डोकावला. आणि अगदी हळू, आजाऱ्याच्या नातेवाइकाला सांगतात तसं म्हणाला, साहेब, हे टेलिफोनचं नाही. हे ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं कार्ड आहे. तुमच्या घरात हे कशाला जोडणार?

मला संशय होताच, असं मी म्हटलं. कार्ड कुठून आणलं, तेही त्याने विचारून घेतलं.

साडूच्या घरचं इंटरनेटही यानेच बसवलंय. हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे साडूला स्वतःला काही येत नाही. मग मिरवतो कशाच्या जोरावर?

संध्याकाळी. ही गाडीतून गेली आणि गाडीतून आली. लेक आज सर्वात जास्त हसली म्हणे. सांगताना हिलाच हसू आवरत नव्हतं. मी विचारलं नाही. मला मान आहे.

मंगळवार, १७ फेब्रुवारी.

जाड्या माणसाकडे पुन्हा. नेटवर्क परत, मोडेम द्या, म्हटलं. तो म्हणाला, मी विचारलं होतं. हो, पण कसं विचारलं? समोरच्याला नीट कळेल असं विचारायला नको? त्याने खणात हात घातला आणि पहिल्याच झटक्यात काढलं. सोळा बिट, मोडेम, आणि शेपटीचं भोक टेलिफोनच्या पिनेएवढं. घरी आणून घातलं. पिन घट्ट बसली, पाचर लागली नाही.

पडदा: ड्रायव्हर सापडत नाही. हिला यातलं काहीही सांगितलं नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी.

तरी ड्रायव्हर आला. या वेळी पायी, सुट्टीच्या दिवशी, स्वतःहून. खिशातून सीडी काढली. जाड्या माणसाकडे जाऊन त्या कार्डाचा ड्रायव्हर त्यात भरून आणला होता. साडूला सांगू नका, मी त्याला विनवलं. कशाला सांगू, म्हणाला, पण ते रोज विचारतात. कशाला विचारतो? त्याला काय करायचंय?

सीडी घातली. सूचना गेली. टेलिफोन ऑफिसातून आणलेल्या चिठ्ठीवरचा नंबर टाकला. लॅपटॉपने डायल केला, शिट्टी मारली, घशात गुळण्या केल्यासारखा आवाज काढला आणि गप्प झाला. पडद्यावर खाली कोपऱ्यात दोन छोट्या कॉम्प्युटरची चित्रं उजळली. लागलं, ड्रायव्हर म्हणाला.

मी त्याच्याशी हस्तांदोलन केलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते पडद्याच्या उजेडाने. बोलण्याइतका वेग या वायरीत नाही, टाइप करावं लागेल, असं तो म्हणाला. चालेल. लिहिलेलं टिकतं. हसणं हवेत विरतं.

लेकीला निरोप धाडला: उद्यापासून आपल्या घरी. साडूला निरोप धाडला नाही. त्याला चार वाजता कळेल.

रविवार, २२ फेब्रुवारी. सव्वाचार.

ही कौतुकाने शेजारी खुर्ची घेऊन बसली. बरोबर चारला लेक आली. पडद्यावर लिहिलं: बाबा?

मी टाइप केलं: जेवलीस का. हो, म्हणाली. अभ्यास? चालू आहे. खोकला? कसला खोकला, म्हणाली. थंडी? कमी आहे. मग मी बोटं की-बोर्डवर ठेवून बसलो. एवढं तर झालं सगळं. हिने दोन वाक्यं सांगितली, ती टाइप केली. त्यातल्या एकावर लेकीने हसण्याचं चिन्ह पाठवलं, ते हिला होतं.

मग तिने विचारलं, काका आहेत का तिथे? नाहीत, म्हटलं. बरं, म्हणाली.

घड्याळ पाहिलं. चार वाजून सहा मिनिटं. वायर सुटली असं मी हिला सांगितलं. सुटली नव्हती.

कार्डाचा वेग कमी आहे, हे खरं कारण. बत्तीस बिटचं असतं तर गोष्ट वेगळी.

गुरुवार, २६ फेब्रुवारी.

लेकीचा फोन. आवाज येतोय का, येतोय, ठेवते बाबा.

आज स्टोअर्समध्ये साडू आला होता. माझ्या स्टोअर्समध्ये, जाळीच्या पलीकडे उभा. म्हणाला, दादा, अभिनंदन, पण आमचा रविवार सुना गेला हो. त्याचा चेहरा खरंच उतरल्यासारखा दिसत होता. मला आनंद व्हायला हवा होता, बराचसा झालाही. गेल्यावर लक्षात आलं, त्याला विचारायचं राहिलं. तू तिच्याशी तासभर बोलतोस तरी काय? पण हे साडूला कोण विचारणार? जिला माहीत आहे तिलाच विचारू.

रविवार, १ मार्च. चार वाजून पंधरा.

हिला मुद्दाम बाजारात पाठवलं. चारला लेक आली. इकडचं तिकडचं न करता टाइप केलं: काकांशी बोलताना एवढी कशावर हसायचीस?

मी कार्डातली पिन दाबून पाहिली. मग आलं.

तुमच्यावर, बाबा.

दर रविवारी आल्या आल्या तीच विचारायची म्हणे, बाबांचं कार्ड कुठवर आलं. काका सगळं सांगायचे, मावशी मध्ये दुरुस्त्या करायची. व्हर्नियर. कानस. पाचर. कार्डाच्या आधी गिझर होता, त्याच्या आधी तुम्ही दिवाण जिन्यात अडकवला होता तो महिना. तुम्ही फोनवर काहीच सांगत नाही ना, लिहिलं होतं, म्हणून काकांकडून घ्यावं लागायचं. ते ऐकलं की इकडे घरी असल्यासारखं वाटतं.

मी हे तीनदा वाचलं. म्हणजे ते तास साडूचे नव्हतेच. सगळे माझे होते, आणि मी डोकं दुखतंय म्हणून घरी पडून होतो.

तेवढ्यात तिचंच पुढे आलं. आता कार्ड चालू झालं, हे बरं झालं, पण आता काय ऐकायचं. घरात दुसरं काही बिघडलंय का बाबा?

आता घरात माझ्या हाताखालचं काही बिघडलंय असं कोण कबूल करेल? मी सवयीने लिहून टाकलं: नाही. सगळं व्यवस्थित चालू आहे.

बरं, म्हणाली. अभ्यास आहे म्हणाली. गेली.

नंतर पाणी प्यायला उठलो तेव्हा आठवलं, बाथरूमचा नळ मंगळवारपासून गळतोय. मी तीनदा वॉशर बदलला, तिन्ही वेळा माप बरोबर होतं. पळत येऊन तिला हाक टाइप केली. ती नव्हती.